दर्जा भरणारी बुधीमावशी

बुधीमावशी गेल्याचा निरोप मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर मिळाला. डोळे तपासून घ्यायला कल्याणला निघाले होते. फोन वाजला, पलीकडे मावशीची सून सुमन. "म्याडम, आय गेली," एवढंच ती आधी बोलली. मग म्हणाली, "सकाली चा घेतला, भिंतीला टेकून बसली, नि बसल्या जागीच…" कल्याणची गाडी समोर लागलेली होती. मी ती सोडली, शहापूरची धरली, शेणव्याला उतरले आणि तिथून जीपनं डोळखांब गाठलं. पुढं पाड्यापर्यंतची वाट मला पाठ आहे. पोचले तेव्हा तिला न्यायची तयारी झाली होती. अंगणात पाड्यातली माणसं होतीच, पण कडेला धरणाच्या ऑफिसची जीपही उभी होती. सध्याचा तरुण इंजिनीअर, दोन चौकीदार आणि शाखेचे क्लार्क हातात हार घेऊन खाली मान घालून उभे होते. एका रोजंदारीवरच्या बाईला निरोप द्यायला अख्खं ऑफिस आलेलं मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्या गर्दीत मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त ऊर भरून आला.

आता महिना होऊन गेला. ती कोण होती ते नीट सांगावं, असं तेव्हापासून मनात आहे. डोळखांबच्या वरच्या जंगलात एक जुनं दगडी धरण आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या मोठ्या धरणांपुढं ते अगदीच लहान. इंग्रजांच्या काळात बांधलेलं, काळ्या घडीव दगडांचं, सगळं चुन्यात. सिमेंटचा एक कणही मूळ बांधकामात नाही. मी तिथं शाखा अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा या धरणाचा एक अर्ज परदेशातून परत आला होता. जुन्या पाणी-बांधकामांची निवड करून त्यांना जागतिक वारशाचा दर्जा देणारी एक संस्था आहे. तिच्याकडे आमच्या खात्यानं मोठ्या उमेदीनं कागद पाठवले होते. उत्तर आलं ते असं, की धरण उत्तम आहे, पण मधल्या काळात गळती थांबवायला म्हणून भिंतीवर जागोजागी सिमेंट थापलं आहे, ते काढून मूळ पद्धतीच्या चुन्यानं दुरुस्ती केलीत तर पुन्हा विचार करू. ते सिमेंट गळतीही थांबवत नव्हतंच. पाणी त्याच्या बगलेनं वाट काढायचं आणि आतला जुना चुना धुऊन न्यायचं. म्हणजे दर्जा मिळो न मिळो, भिंतीसाठी ते काढणं भागच होतं. प्रश्न एवढाच होता, की चुना करायचा कसा ते माहीत असलेलं एकही माणूस खात्यात उरलं नव्हतं.

मी पुस्तकं चाळली, शहरातून तयार चुन्याच्या गोण्या मागवल्या आणि भिंतीच्या पायथ्याशी नमुना करून पाहिला. चार दिवसांनी तो बोटानं उकरला तरी निघत होता. मी उकिडवी बसून ते बघत होते तेव्हा भिंतीवरचं गवत काढणाऱ्या बायकांतली एक म्हातारी माझ्यामागं येऊन उभी राहिली. काटक, कमरेत जरा वाकलेली, दातांना मिश्री लावलेली. तिनं त्यातला खडा उचलला, सरळ जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

"ह्यो चुना मेलाय, बाय," ती म्हणाली. "मेल्याला कितीबी पानी पाजा, उठायचा नाय."

मला राग आला होता हे कबूल करते. मॅडम म्हणवून घ्यायची सवय नवी होती, आणि ही बाई मला "बाय" म्हणत होती. तरी विचारलं, "मग जिवंत कुठं मिळतो?" तिनं जंगलातल्या ओढ्याकडं हात केला. "व्हालाच्या काठाला गोटे हायत चुनखडीचे. आमच्या आयशीनं तितलेच भाजले व्हते."

ती बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. तिची आई सोमी सोमवारची. स्वातंत्र्यानंतरच्या एका मोठ्या दुरुस्तीत सोमीनं या धरणावर चुन्याची घाणी हाकली होती. गोल दगडी चर, त्यात बैलांनी ओढायचं दगडाचं मोठं चाक, आणि चाकाखाली चुना, विटांची भुकटी आणि वाळू एकजीव होईपर्यंत दळायची, ती घाणी. पोरगी असताना बुधी आईबरोबर चाकामागं चालायची, चुना चाळायची, बेलफळं फोडून त्यांचा गर भिजत घालायची. पुढं सिमेंट आलं, घाणी बंद पडली, सोमी गेली. बुधी त्याच धरणावर गवत काढत राहिली. इतकी वर्षं तिच्या डोक्यात काय आहे ते तिला कुणी विचारलं नाही, आणि तीही आपण होऊन कुणाला सांगायला गेली नाही.

चाक शोधायलाच आम्हाला दोन दिवस लागले. करवंदीच्या जाळीत ते निम्मं मातीत रुतलं होतं. पाड्यातल्या बारा-पंधरा माणसांनी पहारी लावून बाहेर काढलं तेव्हा बुधीमावशीनं आधी पदरानं त्याच्यावरची माती पुसली, आणि मग सगळ्यांना ओरडली, "बगताव काय, उचला!" चर साफ केला. मावशीच्या घरचे बैल जुंपले. व्हाळाकाठचे गोटे आणून भट्टी लावली. हिरडा, बेलफळ, गूळ, सगळं चुन्यात घालायला तिनं गोळा करवलं. आमच्या वरिष्ठांना मी फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "भोईर मॅडम, धरणाची भिंत आहे ती. एका अंगठाछाप बाईच्या शब्दावर तुम्ही तिला हात लावणार?" त्यांची काळजी चुकीची नव्हती. भिंतीच्या खाली तीन पाडे आहेत. शेवटी एवढी मुभा मिळाली, की एकच टप्पा करायचा, जिथं गळती सगळ्यात जास्त आहे तो, आणि पावसाळ्यानंतर बघायचं. टप्पा गळला तर अर्ज कायमचा बंद, आणि लेखी जबाबदारी माझी.

त्या उन्हाळ्यात मी तिच्याशी जितकी भांडले तितकी आयुष्यात कुणाशी भांडले नसेन. मला तारीख गाठायची होती. तिला तारीख कळतच नव्हती. घाणीत पाच बोटं घालायची, चिमटीत घेऊन ओढायची आणि म्हणायची, "अजून नाय." एकदा सकाळपासून दळलेली अख्खी घाणी तिनं फेकून द्यायला लावली, कारण पोरींनी चुना नीट चाळला नव्हता. मी चिडून म्हणाले, "मावशी, एवढ्यानं काय होणार आहे?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला नाय काय व्हनार. तू बदली घेऊन जाशील. खाली माजा घर हाय." आम्ही पुन्हा चुना चाळला. गवंडी शहापूरचे होते, अनुभवी होते, पण चुन्यात काम केलेले नव्हते. दगडांमधलं सिमेंट छिन्नीनं काढायचं, फट धुवायची, ओली असतानाच चुना आत दाबायचा, आणि मग दिवसचे दिवस ओलं गोणपाट लावून तिला ऊन लागू द्यायचं नाही… हे सगळं तिनं त्यांना हाताला धरून शिकवलं. पहिले दोन दिवस ते हसत होते. तिसऱ्या दिवसापासून फट भरली की आधी तिच्याकडं बघायला लागले.

श्रावणात धरण भरून वाहू लागलं. आम्ही दोघी इरली घेऊन भिंतीच्या पायथ्याशी गेलो. बाजूच्या सिमेंटच्या टप्प्यातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आमच्या टप्प्यावर वरून पावसाचं पाणी ओघळत होतं, पण दगडांच्या फटींतून एक थेंब येत नव्हता. तिनं तळहात भिंतीवर ठेवला, सरकवत सरकवत पार टोकापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "थांबला गो पानी." मी वरिष्ठांना तिथूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, भिंत बघितली आणि म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात सगळी भिंत घ्या." एवढं बोलून ते तिच्याकडं वळले. "आजी, तुमचं नाव काय?"

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. पुढच्या उन्हाळ्यात काम निम्म्यावर आलं तेव्हा अहवाल मी लिहिला. त्यात सगळं होतं, चुन्याचं प्रमाण, घाणीचं रेखाचित्र, गळतीची आधीची आणि नंतरची नोंद. आणि एक वाक्य होतं, "स्थानिक मजुरांच्या साहाय्याने." एका वर्तमानपत्रानं त्यावरून बातमी केली, माझा फोटो छापला, मुरबाडला आमच्या घरी सत्कार झाला, पेढे वाटले गेले. सुमनच्या मोठ्या मुलीनं ती बातमी घरी आजीला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून बुधीमावशी कामावर आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. भिंतीचं निम्मं काम बाकी होतं आणि परदेशातले तज्ज्ञ पाहणीला येणार असल्याचं पत्र आलं होतं. मी निरोपावर निरोप धाडले. शेवटी स्वतः गेले.

ती अंगणात नाचणी पाखडत होती. बस म्हणाली नाही. मी आपणच ओट्यावर बसले. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तुज्या नावाचा मला काय नाय, बाय. तू शिकलीस, तुजा नाव येनारच. पन ते 'स्थानिक मजूर' म्हंजे कोन?"

मी म्हणाले, "चुकलं मावशी. तुझं नाव घालायला हवं होतं."

"माजा नको," ती म्हणाली. "मी आता हाय, नंतर नाय. माज्या आयशीचा कुठं हाय? सोमीचा? ती ह्या घानीपायी भर उन्हात पडली, उठून परत चाकामागं गेली. तिला बी मजूरच बोल्ले. तवा बी, आता बी…"

त्या ओट्यावर मला जी शरम वाटली ती मी विसरलेले नाही. मी तिला कुठलंही मोठं आश्वासन दिलं नाही. ऑफिसात जाऊन अहवाल पुन्हा लिहिला. वरिष्ठ म्हणाले, "अर्जात कामगारांच्या नावांचा रकानाच नाही." मी म्हणाले, "मग वेगळं परिशिष्ट जोडते." घाणी कुणी चालवली, चुना भाजायची पद्धत कुणाकडून कुणाकडं आली, हे सोमीपासून सुरू करून मी लिहिलं. मावशीला ते दोनदा वाचून दाखवलं. एके ठिकाणी तिनं थांबवलं. "हिरडा आयशीनं नाय घातला, माज्या आजीनं सांगितला व्हता. तिचा बी लिव." तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाणीवर हजर.

तज्ज्ञ आले तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. एक उंच परदेशी बाई आणि एक वयस्कर गृहस्थ, सोबत दुभाषा. त्यांच्या येण्याआधी वरिष्ठांनी सगळ्या कामगारांना एकत्र केलं आणि समजावून सांगितलं, "आज नीट वागा. आपल्या धरणाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळायचा आहे." बांधकामात दगडांमधल्या फटी चुन्यानं भरण्यालाही दर्जा भरणंच म्हणतात. मागून बुधीमावशीचा आवाज आला, "साहेब, दर्जा तर आमी भरलाय. आता मिलायचा काय ऱ्हायला?" गवंडी हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि साहेबही हसल्याशिवाय राहू शकले नाहीत.

त्या बाईंनी भिंत फार बारकाईनं पाहिली. छोट्या भिंगातून फटी बघितल्या, जुना चुना आणि नवा चुना शेजारीशेजारी पाहिला. मग दुभाष्यामार्फत विचारलं, "हे मिश्रण कुणी ठरवलं?" वरिष्ठांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "बुधीबाईंनी." कोपरापर्यंत पांढरे हात घेऊन ती पुढं आली. बाईंनी प्रमाण विचारलं. "माप हातात हाय," ती म्हणाली. "ऊन किती, गोटा कंचा, त्याच्यावर हाय. हात घाल, मंग कलेल." दुभाषा जरा घुटमळला, पण त्यानं सांगितलं. त्या बाईंनी खरोखरच घड्याळ काढून ठेवलं, घाणीपाशी बसल्या आणि चुन्यात हात घातला. मावशी त्यांच्या मनगटाला धरून म्हणाली, "हलू. पोर न्हाऊ घालतंस का मारतंस?" हे दुभाष्याकडून कळल्यावर त्या बाई इतक्या खळखळून हसल्या की जो काही परकेपणा होता तो तिथंच संपला. जाताना त्यांनी परिशिष्ट पुन्हा मागून घेतलं आणि सोमी हे नाव कसं उच्चारायचं ते विचारलं.

पुढच्या वर्षी पत्र आलं. दर्जा मिळाला होता. मी ते छापील पान घेऊन धावतच पाड्यावर गेले. वाटलं होतं, ती टाळ्या पिटेल, निदान हसेल तरी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मंजे आता भिंतीला सिमिट नाय ना लावनार कोनी?"

"नाही मावशी. आता कुणाला मनाला येईल तसं हात लावता येणार नाही. मूळ पद्धतीनंच दुरुस्ती करावी लागेल."

"मंग बरा झाला," ती म्हणाली. वारसा, संरक्षण, जागतिक मान्यता यांवर मी नंतर पुष्कळ भाषणं ऐकली. या सगळ्याचा अर्थ इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नाही.

समारंभाला मंडप पडला. भिंतीच्या सुरुवातीला कोरीव अक्षरांचा दगड बसवला, त्यावर धरणाची माहिती आणि खाली घाणीवर काम केलेल्यांची नावं. ते व्हावं म्हणून मी आणि वरिष्ठ, दोघांनीही पाठपुरावा केला होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मावशीला वाचता येत नव्हतं. भाषणं संपल्यावर ती दगडापाशी गेली आणि मला म्हणाली, "ह्यात आय कंची?" मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "लय बारीक हाय गो. दोनच अक्षरां." मी म्हणाले, "नावच दोन अक्षरांचं आहे ना." "हां…" ती म्हणाली, "पन दगडावर हाय." तिच्या खांद्यावर शाल घालायला आलेल्या पाहुण्यांना मात्र तिनं सोडलं नाही. धरणाचं पाणी दूरवर जातं, आणि धरणाखालच्या तिच्या पाड्यातल्या बायका चैत्रात झऱ्यावर रांग लावतात, हे तिनं माइक बंद असतानाही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. दोन वर्षांनी पाड्यात नळ आला. तो सगळा उन्हाळा पुरत नाही, हेही इथं लिहून ठेवते.

माझी बदली झाली, पुढं मी निवृत्त झाले. मावशी कामाला जायची थांबली तरी धरणावर जायची थांबली नाही. दर उन्हाळ्यात भिंतीच्या दर्जांची तपासणी आणि डागडुजी असते. ती घाणीच्या बाजूला पळसाच्या सावलीत बसायची आणि सुमनला आणि पाड्यातल्या चार बायकांना शिकवायची. शिकवणं म्हणजे शिव्याच जास्त. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा तिला दिसत कमी होतं. माझे हात हातात घेऊन चाचपले आणि म्हणाली, "मऊ झालं गो तुजं हात. रिटायर झालीस." मग सुमनकडं मान करून म्हणाली, "हिला आता समदा येतंय. पन तिच्या तोंडावर नको बोलू." सुमन दारातच उभी होती. तिनं ऐकलं होतं.

गेल्या आठवड्यात मी धरणावर गेले. मावशीशिवायची पहिलीच दुरुस्ती. घाणी चालू होती, बैल फिरत होते, बायका चुना चाळत होत्या. मावशीला निरोप द्यायला आलेला तो तरुण इंजिनीअर हातातला कागद बघत होता. वरच्या ऑफिसातून त्याला त्या दिवशीच पहिला टप्पा सुरू करायला सांगितलं होतं, गवंडी शिडीवर चढूनही बसले होते. सुमननं घाणी थांबवली. चरात हात घातला, चुना चिमटीत घेऊन ओढला, बराच वेळ बघत राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "आज नाय. उद्या."

"अहो पण वरून सांगितलंय…" तो म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी जुनी अधिकारी, मी काहीतरी मध्यममार्ग काढीन अशी त्याची अपेक्षा असावी. मी सुमनकडं पाहिलं. सुमननं आवाज चढवला नाही. "तुमी लिवा खुशाल," ती म्हणाली, "सुमननं थांबवला म्हनून."

मग त्यानं गवंड्यांना खाली उतरायची खूण केली, कामाची वही उघडली आणि लिहिलं. चुना तयार नाही, काम उद्या. निर्णय कुणाचा, त्या जागी त्यानं सुमनचं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि व्यवस्थित, मोठ्या अक्षरात लिहिलं. तोपर्यंत सुमननं बैल पुन्हा हाकले होते.